भासऱ्यांचं बोट

एकवीस वर्षं मी माझ्या भासऱ्यांशी म्हशीमार्फत बोलले.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडची रीत अशी की धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी तोंडावर बोलायचं नाही, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही आणि त्यांना शिवायचं तर मुळीच नाही. शहरातल्या मुलींना हे ऐकून हसू येईल. खुशाल हसा. पण एका घरात राहायचं, एका चुलीवरचं जेवायचं आणि न बोलता दिवस काढायचा, हे माझ्यासारख्या बाईला कसं झेपावं? मी झोपेतसुद्धा बोलते, असं माझा नवरा सांगतो.

म्हणून म्हैस. आमची ओसरी आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या बरोबर मधे, अंगणात, तिचा खुंटा. मी दारात उभी राहून तिला म्हणायची, "माय, वरनात मीठ कमी हाये म्हनते कोनी, तर मिठाचा डबा चुलीपाशी हाये. हात सगळ्यायलेच देल्ले देवानं." ओसरीवरच्या खाटेवरून बिडीचा धूर सोडत भासरे म्हशीलाच उत्तर द्यायचे, "तिले सांग, मीठ बरोबर हाये. चव कमी हाये." म्हैस दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि रवंथ करायची. पहिली म्हैस म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिची जागा आणि तिची नोकरी दोन्ही दुसरीला मिळाली. दुसरी जरा तापट होती, पण निरोप पोचवण्यात कसूर नव्हती.

माझी जाऊ, म्हणजे भासऱ्यांची बायको, अतिशय सज्जन बाई. तिच्या सज्जनपणामुळेच ती या कामाला निरुपयोगी. मी सांगितलेलं वाक्य ती इतकं मऊ करून पुढे द्यायची की त्यातला राग वाटेतच विरघळून जायचा. आणि माझा नवरा? त्याच्या तोंडात सकाळी चहानंतर खर्रा जातो तो रात्रीच्या जेवणापर्यंत. तंबाखू-सुपारीचा तोबरा भरलेल्या माणसाला मध्यस्थी करायला लावली, तर समोरच्याला फक्त "हं" आणि "उं" एवढंच कळतं. वर शिंतोडे.

गावात आशा म्हणून काम करायला लागून मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. कामरगावच्या रस्त्यापासून आत, दीडशे-पावणेदोनशे घरांचं आमचं गाव. गरोदर बायांची यादी, लेकरांचे डोस, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन, बाळाचे श्वास मोजणं, ही माझी कामं. मग कोरोना आला. दुसरी लाट तर अशी आली की एकेका गल्लीत तीन-तीन घरं आजारी. माझ्या पिशवीत तापाची बंदूक आणि बोटाला लावायचं यंत्र. दारात उभी राहायची आणि हाक मारायची, "बाबा, बोट द्या!" "मावशी, बोट द्या!" यंत्र लावायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढचं घर. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला की दवाखान्यात पाठवायचं, असं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

सगळ्या गावानं मला बोट दिलं. ज्यांनी पहिल्या दिवशी दार लावून घेतलं, त्यांनी चौथ्या दिवशी स्वतः बोलावलं. एकच माणूस असा होता की ज्याचं बोट मी धरू शकत नव्हते, आणि तो माझ्याच घरात राहत होता.

त्यातून त्या माणसाला एक शोध लागला होता.

पावसाळ्यात आम्ही गोठ्यात ओल्या पाल्याचा आणि गोवऱ्यांचा धूर करतो, म्हणजे जनावरांना डास चावत नाहीत. भासऱ्यांनी हा हिशेब पुढे नेला. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी तो गावाला समजावून सांगितला, आणि मी समोरच्या घरी मावशीचं बोट धरून उभी असताना माझ्या कानांनी तो ऐकला.

"गोठ्यात धूर केला का मच्छर पळते का नाई?"

"पळते," चार-पाच जण म्हणाले.

"मंग छातीत धूर असला तर कोरोना टिकन कायले? मी तीस वर्षं झाले छातीत धूर करून राह्यलो. आपल्या गोठ्यात मच्छर येऊच शकत नाई!"

मंडळींना हे पटलं! मास्क लावा म्हणून मी दोन महिने घसा फोडला, तेव्हा यांच्या कानात शिरलं नाही. आणि हे एका दुपारी पटलं. ज्यांनी बिडी सोडून वर्ष झालं होतं, त्यांनी औषध म्हणून पुन्हा धरली. एका मास्तरानं तर जन्मात पहिल्यांदा ओढली आणि खोकून खोकून पारावरून खाली उतरला. त्याला सगळे म्हणाले, "पाह्यलं? जंतू निंघून राह्यले." त्यात एक बिडी चौघांच्या ओठांतून फिरायची. ज्याचा मास्क हनुवटीवर होता तो हनुवटीवरच ठेवून दम मारायचा. मी ओरडले, "अरे, बाकी काही ऐकू नका, पन उष्टी बिडी तरी ओढू नका!" तर एकजण म्हणाला, "वैनी, बिडीच्या टोकाले विस्तो असते. विस्त्यानं जंतू जळते." मी म्हटलं, "ओठ कोनत्या टोकाले लावता मंग? विस्त्याच्या?" त्यावर सगळे पोट धरून हसले आणि बिडी पुढच्या माणसाकडे सरकली.

घरी आल्यावर मी म्हशीसमोर उभी राहिले आणि तिला पंधरा मिनिटं सुनावलं. बिचारीनं चारा खायचा थांबवला.

ओसरीवरून उत्तर आलं, "तिले सांग, सरकारनं तिले मशीन देल्ली. अक्कल देल्ली असं कोनी सांगतलं नाई."

आजार आमच्या घरात शिरला तो पहिल्यांदा जावेकडून. तिला दोन दिवस कणकण, मग तोंडाला चव नाही. तिनं त्याही अवस्थेत सगळ्यांची माफी मागितली. मग माझा नवरा. चार दिवस ताप, अंग मोडून आल्यासारखं, खर्रासुद्धा कडू लागला, म्हणून त्यानं तो चार दिवस बंद ठेवला. त्या चार दिवसांत मी लग्नानंतर पहिल्यांदा त्याचं अख्खं वाक्य ऐकलं. वाक्य होतं, "खर्रा आन." पाचव्या दिवशी तो उठून वावरात चक्कर मारून आला. माझी तपासणी झाली. मला काहीच निघालं नाही.

सहाव्या दिवशी भासरे खोकायला लागले.

तसे ते रोजच खोकायचे. पहाटेचा त्यांचा खोकला म्हणजे आमच्या घरचा कोंबडा. पण हा खोकला वेगळा होता. कोरडा, तुटक, छातीच्या तळातून येणारा. कपाळ तापलेलं आहे, असं जावेनं सांगितलं. मी यंत्र तिच्या हातात दिलं, कसं लावायचं ते दाखवलं, आणि दाराआड उभी राहिले.

भासऱ्यांनी डाव्या हाताचं बोट यंत्रात दिलं. उजव्या हातात बिडी होतीच.

"किती हो बाई?" मी आतून विचारलं.

"पंच्याण्णव," जाऊ म्हणाली.

खाटेवर जो काही आनंद झाला! तापानं डोळे लाल झालेला माणूस यंत्र लावलेलं बोट झेंड्यासारखं वर धरून म्हशीला सांगत होता, "पाह्य! पंच्यान्नव! तिले सांग, वहीत लेहून घे म्हना!"

मी वहीत लिहिलं. आता काय बोलणार? नियमानं पंच्याण्णव म्हणजे चांगलं. दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव, मग परत पंच्याण्णव. यंत्रसुद्धा त्यांच्या बाजूचं. एकवीस वर्षं म्हैस त्यांच्या बाजूची होती, जाऊ तर होतीच, आता हे सरकारी यंत्रही पारावर जाऊन बसलं.

मला शंका आली ती झाडताना. ओसरी मीच झाडायची आणि भासऱ्यांच्या बिड्यांची थोटकं मला पाठ होती. हा माणूस बिडी नखाएवढी उरेपर्यंत ओढायचा, बोटांना चटका बसल्याशिवाय टाकायचा नाही. त्या सकाळी खाटेखाली अर्ध्या बिड्या निघाल्या. एक तर नुसती पेटवून टाकलेली. त्यांना दम मारायलाच दम पुरत नव्हता.

आणि म्हशीशी बोलणं कमी झालं होतं. मी मुद्दाम डिवचलं. दारात उभी राहून म्हटलं, "माय, आज वरनात मीठ टाकलंच नाई मी. मुद्दामून." एरवी यावर निदान तीन वाक्यं आली असती. त्या दिवशी आलं ते असं, "तिले... सांग..." आणि मग नुसताच खोकला.

मी दाराच्या फटीशी बसले. आम्हाला नवजात बाळाचे श्वास मोजायला शिकवलेलं असतं. बाळाला हात न लावता पोटाकडं बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाळाची गोधडी वर-खाली होत होती. मी मोजलं. चौतीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. छत्तीस. मोठ्या माणसाचे पंधरा-वीस असायला हवेत. मानेजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता.

यंत्र म्हणत होतं पंच्याण्णव. गोधडी म्हणत होती छत्तीस.

मी नवऱ्याकडे गेले. तो तूर वाळत घातलेल्या ताडपत्रीपाशी बसला होता. "भावाले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल म्हना. दम लागून राह्यला त्यायले."

"उं," तो म्हणाला. त्याचा खर्रा परत सुरू झाला होता.

"थुका आन बोला!"

तो उठला, कोपऱ्यात थुंकला, ओसरीवर गेला आणि म्हणाला, "दादा, दवाखान्यात जाचं काय?"

"नाई," भासरे म्हणाले.

नवरा परत आला. "नाई म्हन्ते थे."

एवढी मध्यस्थी करून त्यानं नवीन पुडी सोडली. मग मी जावेला पाठवलं. जाऊ खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "म्या म्हनलं, जमलं तर, उद्या-परवा, एखांद्या दवाखान्यात..." आणि रडायला लागली. भासऱ्यांनी तिला हातानं गप्प राहायची खूण केली आणि बोटाला यंत्र लावून तिला दाखवलं. पंच्याण्णव. मग उशाखालून बिडीचं बंडल काढलं.

ते बंडल बघून माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. पदर डोक्यावर होता की नव्हता हेही आठवत नाही. मी उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, म्हशीच्या पुढून गेले आणि ओसरीवर चढून खाटेसमोर उभी राहिले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तिथं माझी पंचाईत झाली. या माणसाला हाक काय मारायची, हेच मला माहीत नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. तोंडातून निघालं ते महिनोन् महिने दारोदार म्हणून जिभेला चिकटलेलं.

"बाबा, बोट द्या!"

नवरा खर्रा चघळायचा थांबला. जाऊ रडायची थांबली. भासरे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू म्हैसच बोलली.

"बाबा?" ते म्हणाले. "मी काय... बुडा..." म्हातारा म्हटल्याचा राग आला, पुढचं वाक्य आलंच नाही.

मी त्यांच्या हातातली नुकतीच पेटवलेली बिडी काढून घेतली, अंगणात फेकली आणि मनगट धरलं. गरम होतं, आणि नखं निळसर झाली होती, जी आजवर जावेनं बघितली नव्हती आणि मी लांबून बघू शकले नव्हते. यंत्र पाहिलंसुद्धा नाही मी. मी म्हटलं, "हे म्हैस कशी आनली थे सांगा."

ही भासऱ्यांची लाडकी गोष्ट. केनवडकडच्या एका माणसाकडून त्यांनी ही म्हैस कशी हेरली, मालकाला कसं गुंडाळलं, टेम्पोत चढताना तिनं ड्रायव्हरला कशी लाथ मारली. गावानं ती शंभर वेळा ऐकलेली. ते ती एका दमात सांगायचे, मधे कोणी शिंकलं तरी थांबायचे नाहीत.

"सांगा एका दमात. सांगतली तर मी घरात जातो, जन्मात परत तुमच्यासमोर येत नाई. नाई सांगता आली तर गाडीत बसाचं."

असली पैज कोण सोडणार! ते उशीला टेकून सरळ बसले, छाती फुगवली. "केनवडच्या... अलीकडं... एक..." श्वास. "एक मानूस..." श्वास. "त्याची..."

म्हैस मालकाच्या दावणीतून निघालीच नाही. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं पारावर बसून बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यात मला पहिल्यांदा भीती दिसली. मला वाटलं होतं, पैज जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"चाल," ते म्हणाले. म्हशीला नाही, मला.

शेजाऱ्याची जीप होती. त्यांना मधे बसवून आम्ही खिडक्या उघड्या ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना ऑक्सिजन लावला. कपडे बदलताना सदऱ्याच्या आतल्या खिशातून बिडीचं दुसरं बंडल आणि माचिस निघाली. ऑक्सिजनच्या नळीपासून वीतभर अंतरावर! तिथल्या नर्सबाई अशा ओरडल्या, की आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट दम रोखून बसले.

डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची होती. तिनं छातीचा फोटो बघितला आणि मला झापलं. "तुम्ही आशा आहात ना? दोन दिवस आधी का नाही आणलं?"

"आकडा पंच्याण्णव येत होता."

"रोज बिडी ओढतात? यंत्र लावतानासुद्धा?" मी मान हलवली. तिनं कपाळाला हात लावला. मग तिनं समजावलं की बिडीच्या धुरातला एक वायू रक्तात ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतो, आणि बोटाचं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून मोजतं. म्हणून ओढणाऱ्याचा आकडा असतो त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. "आणि आजार घरात सगळ्यांना एकच झाला," ती म्हणाली, "पण यांची फुप्फुसं आधीच धुरानं थकलेली. विषाणूला फार झगडावंच लागलं नाही. यांच्या श्वासाकडे कुणी बघितलं नाही का? त्यांना सांगितलं नाही का कुणी?"

"मी त्यांच्याशी बोलत नाही."

"भांडण आहे?"

"नाही. रीत आहे."

तिनं फोटो खाली ठेवला. मग म्हणाली, "मग आज कशा बोललात?" ते दोन दिवस मला अजून टोचतात. मी रोज दीडशे घरांच्या ओसऱ्या चढत होते, आणि घरची ओसरी चढायला म्हशीची परवानगी मागत होते.

भासरे तिथं एकोणीस दिवस राहिले. त्यातले सहा दिवस असे होते की जावेला काय सांगायचं ते मला कळत नव्हतं, आणि मी चक्क तिच्यासारखं मऊ बोलायला लागले होते. मग हळूहळू नळीची गरज कमी झाली. घरी आले तेव्हा सदरा अंगावर खांबाला अडकवल्यासारखा दिसत होता. अंगणातून ओसरीपर्यंत यायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबले ते म्हशीपाशी. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी दारात होते.

"तिले सांग," ते म्हशीला म्हणाले, मधे श्वास घेऊन, "मी बुडा नाई. बाबा म्हनाचं काम नाई."

रीत परत आली होती. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

पारावरचा शोध मात्र बंद पडला नाही. "त्यायनं मधात दोन दिवस बिडी कमी केली होती, म्हनून झालं," असं एकजण म्हणतो. त्याला मी रोज भेटते. तो रोज बोट देतो, आणि दुसऱ्या हातात बिडी असते. माझ्या आयुष्यातले किती श्वास या लोकांशी बोलण्यात गेले, ते कोणतं यंत्र मोजणार?

भासऱ्यांनी बिडी सोडली का? पहिले चार महिने सोडली. मग जावेला गोठ्याच्या मागं एक थोटूक सापडलं. तिनं ते लपवलं, आणि मग मला दाखवलं, ही तिच्या सज्जनपणाची पहिली फट. मी काही बोलले नाही. म्हशीलाही नाही.

पण त्या दिवसापासून संध्याकाळी एक गोष्ट घडते. मी फिरून घरी येते, पिशवी टेकवते. भासरे ओसरीच्या कडेला बसलेले असतात, तोंड रस्त्याकडे. माझ्याकडे न बघता ते उजवा, बिडीचा हात मागं करतात आणि एक बोट पुढं काढतात. मी पदर सावरते, शिवायचं नाही ती रीत पिशवीबरोबर खाली ठेवते आणि बोट धरते. यंत्र लावायच्या आधी मी ते नाकाशी नेते आणि वास घेते. यंत्राला जे कळत नाही ते नाकाला कळतं.

परवा वास आला. थोडाच, साबणानं घासलेला, पण आला. मी बोट सोडलं नाही. घट्ट धरून तसंच ठेवलं, आकडा बघितला नाही, वही काढली नाही. ते रस्त्याकडे बघत राहिले. मी तशीच उभी. माझा पाय भरून आला.

शेवटी त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातून तीन बिड्या काढल्या आणि मागं न बघता माझ्यापुढं धरल्या.

"म्हैस," ते कंटाळून म्हणाले, "तिले सांग. बोट सोड म्हना."